थोलाकेलेचा आवाज

"सिसी, एकच रेघ! डोळे असतील तर बघ!"

डेलिसिले चपला न काढताच स्वयंपाकघरात घुसली आणि रुमालात गुंडाळलेली पांढरी कांडी तिनं चिरलेल्या कोबीवरच ठेवली. थोलाकेलेनं सुरी बाजूला केली. असल्या कांड्यांचे फोटो ती दिवसभर फोनवर बघायची. ते तिचं कामच होतं. दवाखान्याच्या रांगेत शेजारीण दिसेल या धाकानं उमलाझी वस्तीतल्या बायका तिकडे फिरकत नसत, म्हणून एका संस्थेनं घरच्या घरी एचआयव्ही तपासायच्या पेट्या वाटल्या होत्या. हिरड्यांवरून कांडी फिरवायची, छोट्या बाटलीत उभी करून ठेवायची आणि अडलं-नडलं तर फोनवर विचारायचं. विचारणारीला धीर द्यायला थोलाकेले होती.

पण ही कांडी तिला सिसी, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या पाठच्या बहिणीची होती, आणि बहीण कित्येक वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या घेत होती. दोघीही घेत होत्या. संध्याकाळची मालिका लागली की एकाच टेबलाशी बसून, एकाच पेल्यातल्या पाण्यानं.

"तू कशाला तपासलंस गं? तुला काय आहे ते तुला ठाऊक नाही?"

"होतं. चर्चच्या मफुंडिसींनी रविवारी डोक्यावर हात ठेवला. टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी पाजलं. आता नाही."

"अगं बये! गोळ्यांनी तो विषाणू इतका दबलाय की कांडीला माग लागत नाही. म्हणून तर गोळ्या घेणारीनं ही तपासणी करायचीच नसते. पेटीवर लिहिलंय तसं."

"एवढं बारीक कोण वाचतं? मी फोनवर विचारलं. एक रेघ असेल तर एक दाबा म्हणाले, दाबलं. आणि कोण बोललं माहितीये?" डेलिसिलेनं साठवून ठेवलेलं उत्तर लावून फोन पुढे धरला.

थोलाकेलेचाच आवाज आला. "माझ्या बहिणी, एक रेघ म्हणजे तुझ्या अंगात तो सापडला नाही. मोकळा श्वास घे. आज पोटभर जेव आणि आनंदात राहा."

विचारणाऱ्या बायका झाल्या होत्या शेकड्यांनी आणि थोलाकेले एकटी, म्हणून ऑफिसनं तिचा आवाज यंत्रात भरून घेतला होता. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं होतं, आईनं पाठीवरून हात फिरवावा असं वाटतं म्हणून. पण बाई, तू आधीपासून गोळ्या घेतेस का, एवढं विचारायचं यंत्राला कुणी शिकवलं नव्हतं. जिला माहीत आहे ती कशाला तपासेल, असंच सगळ्यांना वाटलं. थोलाकेलेलाही.

"ते यंत्र आहे, डेली. मी समोर उभी राहून सांगतेय ना!"

"यंत्रातली तू खरं बोललीस. समोरची तू जळतेयस. मी बरी झाले आणि तू राहिलीस, हे तुला बघवत नाहीये."

पुढच्या रविवारी डेलिसिलेनं पांढरा झगा घालून आणि निळा पट्टा बांधून चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिली. गोळ्यांची बाटली मफुंडिसींच्या पायाशी ठेवली आणि फोन कर्ण्याला लावला. थोलाकेलेचा आवाज पत्र्याच्या छताखाली घुमला आणि बायकांनी असा काही जल्लोष केला की विचारू नका. थोलाकेले उठून ओरडली, "खोटं आहे ते!" पण ढोल वाजायला लागले होते. तिच्या पुढच्या बाकावरची एक बाई दुसरीला विचारत होती, ही पेटी मिळते कुठं?

सोमवारी थोलाकेलेनं ऑफिसातल्या वरिष्ठ नलेडीबाईंना गाठलं आणि यंत्रात गोळ्यांचा प्रश्न घालायला सांगितलं.

"पुढच्या खेपेला बदलू या," नलेडीबाई म्हणाल्या. "सगळ्या भाषांत पुन्हा भरावं लागेल ना. तोवर तुझ्याशी बोलतील त्यांना तू सांगत जा."

"एक दाबणारी पुढे माझ्यापर्यंत कशाला येईल, मॅडम? तिला उत्तर मिळालेलं असतं."

नलेडीबाईंनी पुढची फाईल उघडली. वाईट बाई नव्हती ती, पण तिच्या हातात तरी काय होतं!

मग थोलाकेलेनं नाही नाही ते केलं. हातापाया पडली. गोळ्या सुटल्यात, आता दुसरी रेघ उमटेल म्हणून नवी पेटी आणली, तर डेलिसिले म्हणाली, देवाला पुन्हा पुन्हा तपासत नाहीत. शेवटी गोळी कुटून तिनं अमासीच्या दाट दह्यात कालवली, वर साखर टाकली. पहिल्याच घासाला डेलिसिलेचं तोंड वाकडं झालं. तिनं वाडगं सरकवून दिलं. त्या दिवसापासून तिनं थोलाकेलेच्या हातचं काही खाल्लं नाही. शेजारणीकडून भाकर आणायची, पण बहिणीच्या भांड्याला शिवायची नाही.

हिवाळ्यात खोकला लागला तो थांबेचना. डेलिसिलेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या खऱ्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरूनच काय ते कळत होतं. घरी घेऊन जा म्हणाले. मंडळीतलं कुणी आलं नाही. विश्वास कमी पडला, असा मफुंडिसींचा निरोप तेवढा आला.

तरीही डेलिसिलेच्या उशाशी फोन असायचा आणि फोनमध्ये तो आवाज. ऐकता ऐकता ती डोळे मिटून घ्यायची. पलीकडच्या खोलीत थोलाकेले तोंडात रुमाल कोंबून रडायची. स्वतःचाच आवाज तिला विषासारखा वाटायचा.

एके दिवशी सकाळपासूनच वीज नव्हती. डेलिसिलेनं फोन चाचपला, दाबून पाहिला आणि बहिणीकडे वळली.

"बोलत नाही गं."

"बॅटरी गेलीय, डेली. वीज आली की लावते."

"कधी येईल?" तिनं फोन उशाखाली सारला. मग म्हणाली, "तूच म्हण ना."

गेले कित्येक महिने हेच शब्द खोटे आहेत म्हणून थोलाकेले कानीकपाळी ओरडत आली होती. ती खाटेच्या कडेला बसली. बहिणीचा हात हातात घेतला, नुसती हाडं लागली.

"माझ्या बहिणी," ती म्हणाली, "एक रेघ म्हणजे तुझ्या अंगात तो सापडला नाही. मोकळा श्वास घे."

डेलिसिलेनं श्वास घ्यायचा प्रयत्न केला. खोकल्याची उबळ आली आणि गेली.

"पुढचं?"

"आज पोटभर जेव."

डेलिसिलेनं तोंड उघडलं. थोलाकेलेला आधी कळेचना. मग तिनं खाटेशेजारचं आपलं दह्याचं वाडगं उचललं आणि एक चमचा बहिणीला भरवला. नुसतंच दही होतं, त्यात काही नव्हतं.