शिक्षेच्या अलीकडे

कोर्टातल्या खटल्यांचा तो गेम ताई आणि तिचा धाकटा भाऊ मिळून खेळायचे. शेवटी खुनी ठरलेला वकील सांगायचा, की लहानपणी बाप त्याला अंधाऱ्या खोलीत कोंडायचा. ताईचं डोकंच फिरायचं.

"मेल्याचं रडगाणं. कोंडलं म्हणून कुणी खून करतं का?"

फॅन लोकांच्या ग्रुपवरही ती हेच तावातावाने लिहायची. भाऊ नुसतं ऐकून घ्यायचा.

भाऊ आजारपणात गेला. महिन्याभराने तिने गेममध्ये त्याने सेव्ह केलेले डाव उघडले. एकटाच तो अकरा वेळा खेळला होता, आणि अकराही वेळा त्या वकिलाला शिक्षा सुनावण्याआधीच थांबला होता.

तेव्हा तिला घरातली अडगळीची खोली आठवली. बाबा भावाला आत ढकलायचे आणि तिला कडी लावायला सांगायचे. ती लावायची, आणि आतून "ताई, ताई" ऐकू आलं तरी ओ द्यायची नाही.