ल्युझिया

माझं नाव लुझिया. पोर्तुगालच्या किनाऱ्यापासून दूर, आमच्या साओ मिगेल बेटावर मात्र ते 'ल्युझिया' होतं. आमचे ओठ 'उ'चे, पण जीभ 'ई'ची. लिस्बनला टीव्हीत नोकरी लागली तेव्हा तीन महिने आरशासमोर उभं राहून मी ती जीभ मागे खेचली. कुणी गाव विचारलं की बेधडक सांगायचे, "इथलीच."

मग बेटावरच्या अननसांचं चित्रण आलं. काचघरात धूर कोंडून झाडांना फूल कसं आणतात, ते एक म्हातारा रंगून सांगत होता. ते माझे बाबा होते.

"हा पोर्तुगीज बोलतोय की घोड्याला चुचकारतोय?" आमचा संपादक दुआर्ते पोट धरून हसत होता. "पडद्यावर खाली याचं बोलणं लिहून टाकावं लागणार! लुझिया, तुला कळतंय काही?"

मला अक्षर न अक्षर कळत होतं.

"छे, काही नाही," मी म्हणाले.

"मग अंदाजानं लिही."

धुराचं, फुलाचं सगळं मी 'अंदाजानं' बिनचूक लिहिलं. शेवटी बाबा कॅमेऱ्यात बघून हसले. "माझी ल्युझिया तुमच्याकडेच आहे हो! वेळेवर जेवत जा गं बाय." शेजारी बसलेल्या दुआर्तेला माझं नावसुद्धा ओळखू आलं नाही. हसणं छान आलंय म्हणून त्यानं तो तुकडा ठेवला. खरं लिहिलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं. मी लिहिलं, 'अस्पष्ट'.

कार्यक्रम टीव्हीवर लागला, आणि रविवारी बाबांचा फोन आला.

"सगळ्या कॅफेनं बघितलं गं. तुझं नाव आलं तेव्हा मी म्हटलं, वाचा आता! तर खाली 'अस्पष्ट'. असे हसले लेकाचे!"

"बाबा, ते..."

"चूक माझीच. कवळी घरी विसरलो होतो. तुला तिथं माझ्यामुळं मान खाली घालावी लागली नाही ना?"

त्या दिवशी मला बाबांची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"पुढच्या वेळी नीट बोलेन. शिकतोय मी, ऐक." बाबांनी घसा खाकरला आणि ते जपून, एकेक अक्षर चाचपत म्हणाले, "लु-झि-या."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला लिस्बनवाल्यांसारखी हाक मारली.

"आलं ना गं बरोबर?"