पाचशेला एक कमी

मी आमच्या छोट्या नगरपालिकेची रहिवासी नोंदवही बोलतेय. लाल कापडी पुठ्ठा, चारशे पानं आणि दोनदा खळ लावून चिकटवलेली पाठ, असं माझं रूप.

पहिल्या पानावर जुन्या कारकुनांनी वळणदार अक्षरात लिहिलंय, की दगडाच्या खाणीपायी इथे बावीस घरं आली. खाण वाढली, तशी मीही भरत गेले. एका साली माझ्यात एकवीसशे माणसं होती. कुणी धापा टाकत जुळ्यांची बातमी आणी. कुणी मुलीचं नाव सांगे आणि शेजारी उभी असलेली बायको ते जागच्या जागी बदलून टाके!

मग खाणीला पाणी लागलं. काम थांबलं आणि पानोपानी ‘गाव सोडले’ एवढाच शेरा उतरू लागला.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. महिनाअखेरीस रहिवासी पाचशेहून कमी भरले, तर नगरपालिका शेजारच्या शहरात विलीन होणार. कार्यालय जाणार आणि त्याच इमारतीतला रोजचा दवाखानाही. कारकूनबाई मला काखेत मारून दारोदार फिरल्या. बेरीज आली बरोब्बर पाचशे. नगराध्यक्षांनी सगळ्यांना चहा पाजला.

महिना संपायला तीन दिवस उरले आणि खाणीतला म्हातारा सुरुंगवाला वारला.

कारकूनबाईंनी पेन उघडलं. नगराध्यक्षांनी माझ्या पानावर हात ठेवला.

“चार दिवसांनी लिहा. कुणाचं काय जातंय?”

“तारीख खोटी पडेल, साहेब.”

“आणि दवाखाना गेला म्हणजे?”

बाईंनी पेन मिटलं. खरं सांगते, मलाही हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुरुंगवाल्याची बायको आली. कुणीतरी तिच्या कानावर घातलंच होतं.

“भावोजी, आमचे हे अजून जिवंत आहेत म्हणे?”

“वहिनी, गावासाठी...”

“जन्मभर घड्याळ बघून वात पेटवली त्यांनी. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, म्हणून तुमचे वडील रोज घरी जेवायला आले. त्यांची वेळ तुम्ही का चुकवता?”

नगराध्यक्षांनी मला पुढ्यात ओढून सुरुंगवाल्याचं पान काढलं. मग त्यांनीच पेन उघडून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी खरी तारीख लिहिली. खाली सही नगराध्यक्षांनी केली.

दवाखाना गेला. आता नर्सबाई आठवड्यातून दोनदा येतात. काही दिवस नळावर बायका सुरुंगवाल्याच्या बायकोशी धड बोलत नव्हत्या. पण माजी झालेले नगराध्यक्षच तिच्या गुडघ्यांच्या गोळ्या शहरातून आणू लागले, तेव्हा बाकीचेही निवळले.

मी आता शहरातल्या कार्यालयात, लोखंडी मांडणीवर दोन जाडजूड वह्यांच्या मध्ये अंग चोरून असते. कारकूनबाईंची बदलीही इथेच झाली. अधूनमधून कुणी लांबून येतं, आजोबांचं नाव शोधतं, सापडलं की त्यावर बोट ठेवून नुसतंच उभं राहतं. बाई घाई करत नाहीत.

तुम्हीही या. हवं तेवढं थांबा. फक्त पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. एका बाळाचं नाव तसंच पुसलं गेलंय. ते बाळ आता साठीचं आहे आणि दुरुस्तीसाठी अजून चकरा मारतंय.