भिंतीवरची हरण्याची रेघ

आमच्या गणेशच्या पोरीचं, गार्गीचं, बारसं झालं ते दोन हजार चोवीस साल. थंडी सरत आली होती. पाळणा आढ्याला टांगायचा होता आणि ते काम आजोबानंच करायचं असा आमच्या घरचा रिवाज. हे बाजेवर चढले, दोर आढ्यावरून टाकला, गाठ मारली आणि पक्की बसली का ते पाहायला ओढली. बाज सरकली. हे उजव्या हातानं दोराला लोंबकळले आणि मग धपकन खाली आले. गाठ काही सुटली नाही. पाळण्यात पोरगी निजली आणि हे खांदा धरून भिंतीला टेकून बसले.

जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडलं नव्हतं. थोडे दिवस आराम द्या, मग हळूहळू हात हलवायला लागा, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी अर्धंच ऐकलं. जू घासून बैलाचा खांदा आला, सुजला, की आमच्याकडे त्याला जुंपत नाहीत. मोकळा ठेवतात, तूप-हळद लावतात. जन्मभर बैलांना जे केलं तेच ह्यांनी स्वतःला केलं. माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी गळ्यात अडकवून त्यात हात ठेवला, तो आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, काढलाच नाही.

आखाजीला पट्टी काढली तर हात छातीच्या वर जाईना. बंडीची बाही मी चढवायची. टोपी डाव्या हातानं घालायचे, ती नेमकी तिरपी बसायची. पारावरचे भगवंतराव विचारायचे, "काय इंद्रभानजी, टोपी तिरपी घालून राह्यले, सरपंचकीले उभे राह्यता काय?"

"तुमी मत देसान त राह्यतो," हे म्हणायचे. पण घरी आले की गोठ्यात जाऊन बसायचे.

गोठ्यात आमचा म्हातारा बैल हरण्या होता. त्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला, शेत आता ट्रॅक्टरनं होतं. हरण्याचे दात झिजले होते, यंदाच्या पोळ्यानंतरचा पोळा त्याला दिसेल असं कुणालाच वाटत नव्हतं. गोऱ्हा होता तेव्हा त्याचा खांदा फार वाईट आला होता. ह्यांनीच तो बरा केला. तेव्हापासून हरण्या मानेला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. कोमट तूप-हळद पळसाच्या पानानं, उजव्याच हातानं, बैलाच्या खांद्याला चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गणेशनं एकदा सहज हात लावून पाहिला, तर हरण्यानं असं शिंग फिरवलं की गणेश गव्हाणीत पडला.

"बाबा, यंदा राहू द्या खांदशेकणी," गणेश म्हणाला. "दुरून ओवाळू त्याले."

हे उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. खांदा आखडला, रोज व्यायाम लागेल, असं ते म्हणाले. व्यायाम शिकवणारी बाई मलकापूरला. रोज एसटीनं जाणं-येणं कुठं जमतं? तेव्हा त्यांनीच सांगितलं की ती सुचिता मॅडम मोबाईलवरून शिकवते. आमच्या सुनेनं, शैलजानं, ते फोनमध्ये घेतलं. फोन कोठीवर उभा करायचा, समोर ह्यांनी उभं राहायचं. फोन ह्यांच्या अंगावर ठिपके आणि रेघा काढायचा, हात किती वर गेला ते मोजायचा आणि मॅडमला कळवायचा. हात ठरल्या जागी पोचला की आतून बाई "शाब्बास!" म्हणायची. दर मंगळवारी मॅडम स्वतः समोर दिसायची.

पहिल्या दिवशी हे बंडी काढेनात. "पोरीसमोर उघडा कसा होऊ?"

"मामाजी, बंडी ढगळ आहे, खांदा दिसतच नाही त्याले," शैलजा म्हणाली. शेवटी बनियनवर तडजोड झाली.

मेसेज यायचे ते मी वाचून दाखवायची. बचत गटात सही करता करता मी वाचायला शिकले, तेव्हा पन्नाशी उलटली होती. अजून बोट ठेवूनच वाचते. हे घाई करायचे. "काय म्हन्ते ते? लवकर सांग नं वं."

"शिकले नाई त निदान दम त धरा," मी म्हणायची.

व्यायाम साधे होते. वाकून हात घंटेच्या लोलकासारखा हलवायचा. दोन्ही हातांनी काठी धरायची आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ढकलायचं. भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. पण दुखायचं. मॅडमनं सांगितलं होतं, थोडं दुखेल, सहन होईल तिथपर्यंतच न्या. हे अर्ध्यातच थांबायचे.

एके दिवशी फोननं एकदम "शाब्बास!" म्हटलं. ह्यांची छाती फुगली. "ऐकलं काय? झाला खांदा बरा!"

मंगळवारी मॅडम आली ती हसतच. "आजोबा, गुरुवारी तुमचा हात डोक्याच्या वर गेला म्हणे?"

"हाव. गेला."

"त्या हातात बांगड्या होत्या."

गुरुवारी मी ह्यांच्या मागं दोरीवरच्या मिरच्या काढत होते. फोननं माझाच हात धरला होता. शैलजा पदर तोंडाला लावून आत पळाली. हे मात्र चिडले. काठी कोपऱ्यात फेकली. "बस झालं हे खूळ! खांदा आलेल्या बैलाले कोनी जुंपते काय? अन् ही पोरगी मले रोज जुंपून राह्यली!"

मला वाटलं, आता ती फोन ठेवणार. पण तिनं विचारलं, "आजोबा, बैलाचा खांदा बरा झाला की त्याला लगेच नांगराला जुंपता?"

"लगेच? येडी हायेस काय? पयले नुसतं जू देतो मानेवर. गाडी नाई, नांगर नाई. थोडं फिरवतो. मंग रिकामी गाडी."

"आणि सूज उतरल्यावरही तसाच उभा ठेवला तर?"

"मंग मान धरते त्याची. जू दिसलं का खाली बसते. तो बैल कामातून गेला."

हे बोलून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुपातल्या मिरच्या निवडत राहिले.

"तुमच्या खांद्याची सूज कधीच उतरली, आजोबा," मॅडम म्हणाली. "तुम्ही त्याला उभाच ठेवला. मी अजून रिकामं जूच देऊन राह्यले. गाडी कुठं जोडली?"

ह्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली. "गाडी कवा जोडसान? मले पोळ्याच्या आधी पायजे."

मग ह्यांनी सांगितली तेव्हा तिला हरण्याची गोष्ट कळली. तिनं कबूल काही केलं नाही. अशा खांद्याला वेळ लागतो, पोळ्यापर्यंत होईलच असं सांगता येत नाही, पण करत राहा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे काठी घेऊन गोठ्यात गेले. हरण्याच्या खांद्यापर्यंतची उंची काठीवर धरून आणली आणि कोळशानं भिंतीवर रेघ मारली. तिच्या वर शिंगांच्या टोकाची दुसरी. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर! शैलजानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "राहू दे बाई, दिवाळीले पुसू."

मग फोनमधल्या आकड्यांकडे ह्यांनी कधी पाहिलं नाही. आंघोळीनंतर खांदा गरम कापडानं शेकायचा, हळद चोळायची आणि भिंतीला लागायचं. बोटांना हळद असायची, तिचे पिवळे ठिपके भिंतीवर उमटायचे. ज्येष्ठात ते छातीपाशी होते. आषाढात गळ्यापर्यंत आले आणि तिथंच अडकले. कितीतरी दिवस एकाच जागी हळदीचा थर बसत गेला. तरी ह्यांनी एक दिवस चुकवला नाही. श्रावण लागला आणि एका सकाळी एक ठिपका वर चढलेला दिसला.

मॅडमला फोनमध्ये भिंत दिसली. "ती रेघ कशाची, आजोबा?"

"हरण्याच्या खांद्याची."

"आणि वरची?"

"शिंगं. त्यावर उद्या-परवा बोलू."

ती हसली, आणि मग मंगळवारी आल्या आल्या पहिलं विचारायची, "हरण्या किती राहिला?"

खांदशेकणीच्या संध्याकाळी मी तूप कोमट केलं, हळद कालवली. गणेश दाराशी उभा, गार्गी शैलजाच्या कडेवर. ह्यांनी पळसाचं पान बुडवलं आणि हात उचलला. तो सहज गेला नाही. दात आवळून, थांबत थांबत गेला. पण गेला. पान खांद्याला टेकलं तशी हरण्यानं कातडी थरथरवली, मान वळवून वास घेतला आणि डोळे मिटले. हे कितीतरी वेळ चोळत राहिले. मग नेहमीसारखं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी शिंगांना बाशिंग बांधायचं होतं. वरच्या रेघेपर्यंत हात पोचलाच नव्हता. गणेशनं पाट आणून दिला, त्यावर हे उभे राहिले. मी मागून बनियन घट्ट धरलं.

"सोड नं वं, लोक पाह्यतात."

"पाहू द्या. मागच्या खेपेले पाळणा बांधला होता तुमी."

तिरप्या टोपीचा माणूस सरळ टोपी घालून पोळ्याच्या तोरणाखाली हरण्याला घेऊन गेला. भगवंतराव म्हणाले, "सरपंचकी गेली वाटते!" पुरणपोळी हरण्यानं ह्यांच्या उजव्या हातातून खाल्ली.

दिवाळीला आम्ही घर पुन्हा रंगवलं. ती भिंत ह्यांनी रंगवू दिली नाही. सकाळी अजून तिथंच उभे राहतात, बोटं आता वरच्या रेघेला लागतात.

हरण्या दोन हजार पंचवीस साली महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गोठ्यात बसल्या जागी मेला.