आपल्याच मशीनचे भाडे

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुसून गेली आहे आणि मूठ गंजून घट्ट बसली आहे. हाताने फिरवायचे शिवणाचे मशीन मी. विलायतेत घडले, आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने सोलापूरला आले. पण माझे खरे आयुष्य सुरू झाले ते गोजाबाईच्या हातात.

गोजाबाई गिरणीच्या चाळीत राहायची. तिचा नवरा ज्ञानबा गिरणीत मागावर काम करी. शेजारणींच्या चोळ्या सुईने शिवून तिने पैसे साठवले. दोन वर्षे नवे लुगडे घेतले नाही. मग नवी पेठेत येऊन तिने मला रोख पैसे देऊन घेतले. दुकानदार हप्त्याने द्यायला तयार होता.

"हप्ता नगं," ती म्हणाली. "माझं म्हनून घरात न्यायचं हाय."

तिने मला डोक्यावरून घरी नेले. वाटेत कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

ते दिवस सुखाचे होते. चोळ्या, परकर, झबली, टोपडी, काम कधी खंडले नाही. "गोजाबाईची शिवण उसवत न्हाय," असे चाळीतल्या बायका म्हणत, आणि मला वाटे, यात थोडे कौतुक माझेही आहे.

ज्ञानबा भला माणूस होता. त्याला 'नाही' म्हणता येत नसे, एवढीच त्याची खोड. त्याच्या शेजारच्या मागावर कोंडीबा होता. त्याने आबासाहेबांकडून कर्ज काढले. आबासाहेबांचे नवी पेठेत शिवलेल्या कपड्यांचे दुकान होते आणि दुकानाआड सावकारी.

"नुसता जामीन ऱ्हा की," कोंडीबा म्हणाला. "तुला कुटं पैसं द्यायचंत?"

ज्ञानबाने अंगठा दिला. पुढे कोंडीबा एक दिवस कामावर आला नाही, तो कायमचाच पसार झाला. सगळे कर्ज ज्ञानबाच्या गळ्यात पडले.

त्याला बायकोला सांगायची लाज वाटली. व्याज भागवायला त्याने दुसरीकडून पैसे उचलले आणि त्याचे व्याज भागवायला तिसरीकडून. घरी सांगे, पगार कापला. त्या वर्षांत गिरण्यांतून पगारकपात चालूच होती, म्हणून तिला ते खरे वाटले. मी कोपऱ्यात बसून त्याचा उतरलेला चेहरा बघत होते. मला बोलता आले असते तर!

शेवटी आबासाहेब स्वतः घरी आले, तेव्हा तिला कळले. ती नवऱ्याकडे वळली.

"आदी का न्हाय सांगितलंसा?"

"तुला घोर लागंल म्हनून."

"पैल्याच म्हैन्यात सांगितलं असतंसा, तर माज्या शिवणीत फिटलं असतं की वो."

आबासाहेब गोड बोलणारे. "ताई, तीन ठिकाणची देणी कशाला ठेवता? दोघांचं मी भागवतो. सगळं एकाच जागी राहील. मशीन तेवढं गहाण ठेवा, दिवाळीला सोडवून न्या."

तिला ते हलके वाटले. तीन दारांऐवजी एकच दार. समोरचा कागद कोरा होता.

"ह्यात काय लिव्हणार?" तिने विचारले.

"घरच्या माणसाला असं विचारतात होय?"

तिने अंगठा उठवला आणि मी दुकानात आले. मशीन नाही तर कमाई नाही, म्हणून दोन दिवसांनी तीही मागोमाग आली. "इथंच बसा की," आबासाहेब म्हणाले. "मजुरी कर्जात वळती करू."

तिने दिवाळीपर्यंत मान वर केली नाही. दिवाळीला तिने हिशेब विचारला. मुनीम वाचू लागला: इतके मुद्दल, इतके व्याज, इतके मशीनचे भाडे.

"कुटल्या मशीनचं?"

"ह्याच मशीनचं. गहाण पडलेलं मशीन वापरता, मग भाडं नको?"

माझ्या मुठीवरचा तिचा हात थांबला. त्या क्षणाइतकी शरम मला कधी वाटली नाही.

तरी ती येत राहिली. मला तेल घालताना हळूच म्हणे, "तुला घरी न्यायचं हाय." तिची मजुरी व्याजात आणि माझ्या भाड्यात जिरत होती, मुद्दल तसेच उभे होते. तिची नजर मंदावली, केस पिकले. ज्ञानबा तिच्या डोळ्याला डोळा देईना. आणि तिला रोज त्या दुकानात खेचून आणणारे कोण? मीच.

एका लग्नसराईत दुधनी गावच्या एका व्यापाऱ्याची बायको, चन्नम्मा, कपडे न्यायला आली. तिला गोजाबाईच्याच हातची शिवण हवी असे. काम थोडे बाकी होते, म्हणून ती शेजारी बसली.

"अक्का," तिने सहज विचारले, "एवढं छान शिवता, सोताचं मशीन का घेत न्हाई?"

गोजाबाईने माझ्याकडे पाहिले. मग हातातले कापड खाली ठेवून ती उठली.

"आबासाहेब, हे मशीन तुमचं. माजा कागुद फाडा."

"अहो, जुनं मशीन ते. त्यात कर्ज कसं फिटेल?"

"फाडा. न्हायतर लगनाचे कपडे असेच ऱ्हातील. का, ते बी सांगते ह्या बाईंना. भाड्याचं बी सांगते."

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. सगळे बघू लागले. आबासाहेब हसले, पण कागद काढून त्यांनी फाडला. तिने ते तुकडे पदरात बांधून घेतले, मग खाली बसून उरलेली शिवण नेहमीसारखी नेटकी पुरी केली आणि उठून गेली. पुन्हा सुईने चोळ्या शिवायला.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू नेहमी सांगते, मला जपा, मला पुसा, मला तेल घाला. मी ते सांगणार नाही. तुम्ही तुमचा अंगठा जपा. दुसऱ्याच्या कर्जाला आणि कोऱ्या कागदाला तो लावू नका. देणे झाले तर पहिल्याच दिवशी घरात सांगा. आणि गेलेल्या वस्तूच्या मायेपायी उरलेले आयुष्य गहाण टाकू नका.

एकदा गोजाबाई दुकानासमोरून जाताना दिसली. मी आत आहे हे तिला ठाऊक होते. तिने मान वळवली नाही. मला फार लागले ते. पण तिने केले तेच बरोबर होते.