थंड हीटर आणि निळे अश्रू

माझ्या ताईच्या दारासमोर शंभरएक माणसं कुडकुडत उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका जुन्या टॅक्सीच्या बॉनेटवर खिळले होते. ऊबमहाराज नावाच्या बुवांनी मंतरलेलं तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, इंजिन चालू करायला लावलं, आणि कित्येक दिवस गार फुंकणारा हीटर थोड्या वेळात गरम वारा सोडू लागला. बायकांनी हात जोडले. महाराज डोळे मिटून म्हणाले, "आत्म्याची तहान भागली. राग मात्र गेलेला नाही."

राग म्हणे ताईवर होता, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा. भावोजी याच टॅक्सीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून गेले, आणि त्याच सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. तेव्हापासून हीटर गार आणि शेजारच्या सीटपुढची चटई ओली. ती ताईची बसायची जागा. महाराजांनी चटई हुंगली, गोडसर वास आला, म्हणाले, हे त्याचे अश्रू. झालं, मेलेल्या माणसाच्या अश्रूंना गोड वास असतो, हेही ज्ञान आमच्या पदरात पडलं! दर तीन-चार दिवसांनी गाडी पुन्हा गार पडायची आणि महाराज पुन्हा तांब्या घेऊन हजर.

मग महाराजांचा हुकूम सुटला: नवऱ्याचा आत्मा गार गाडीत कुडकुडतोय तोवर बायकोनं अंगावर लोकर घालायची नाही. सासूबाईंनी ताईचा स्वेटर, शाल, मोजे कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला लावली. ताईनं ते मान्य केलं. भांडणाचा सल तिच्याच मनात होता.

मी तिचा धाकटा भाऊ, मेकॅनिक. वीस वर्षं गाड्यांखाली लोळतोय. तो वास कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालतात त्या द्रवाचा, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण महाराजांशिवाय कुणी बॉनेट उघडायचं नाही असा नियम होता, आणि बहिणीच्या सासरी कशाला तोंड घाला, म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

ताईला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात हलवावी लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला मी सगळ्यांदेखत महाराजांच्या तांब्यात निळ्या शाईची अख्खी बाटली ओतली. महाराज भडकले.

"मंतरलेल्या पाण्याला शाईनं काय होतंय?" मी म्हणालो. "ओता की."

लोकही म्हणाले, ओता. आता महाराजांना मागे फिरायची सोय नव्हती, त्यांनी ओतलं.

अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. मग मी सासूबाईंच्या हातात पांढरा रुमाल दिला आणि चटईवर दाबायला सांगितला. रुमाल निळा झाला.

मी सगळ्यांना सांगितलं, इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं, पंखा त्यावरून वारा सोडतो, तीच ऊब. त्या जाळीला भोक पडलंय. पाणी चटईवर गळतं, जाळी रिकामी होते, वारा गार येतो. पुन्हा पाणी ओतलं की पुन्हा गरम, मंत्र म्हटला नाही तरी. हे सांगेपर्यंत महाराज सटकले होते, तांब्या तेवढा राहिला होता.

सासूबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं.

स्वेटर घेऊन मी दवाखान्यात गेलो. "ताई, भावोजी रागावले नव्हते गं. हीटर गळत होता."

तिनं स्वेटरची बाही चाचपली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी रडतही नव्हते?"

मी स्वेटर तिच्या अंगावर पांघरला. चार दिवसांनी ती गेली.

जाळी बदलायला मला एक दुपार पुरली. गाडी आता मस्त गरम होते. तुमच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आला तर नमस्कार नंतर करा, आधी बॉनेट उघडून बघा. आणि ज्याला कळतं त्यानं पहिल्याच दिवशी बोलावं, कुणाचीही भीड न धरता. मी भीड धरली आणि माझी बहीण गेली.