पीरबाबाच्या जागेचं इंग्रजी नाव

मित्रांनो, आधी हात दाखवा. शाई, तेल, डिंक काही लागलेलं नाही ना? मग बसा जवळ. मी एक म्हातारा इंग्रजी-मराठी कोश. उमेदीची वर्षं मी धुळ्याच्या कचेरीबाहेर काढली, आणि तिथं बसून माणसांवर भरवसा ठेवायचं विसरलो.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. पहिले मालक शाळामास्तर होते, मला खाकी कव्हर घालून वापरायचे. ते वारले आणि घरच्यांनी मला रद्दीत घातलं. तिथून मला लोटननानांनी उचललं. नाना अर्जनवीस. लिंबाखाली टेबल टाकून खेड्यापाड्यातल्या लोकांचे अर्ज इंग्रजीत लिहून द्यायचे. सुरुवातीला मला चारचौघांत मिरवलं, मग माझ्यावर चहाची बशी ठेवू लागले. तिकिटं चिकटवायची डिंकाची बाटलीही माझ्याच डोक्यावर. एकदा ती कलंडली आणि माझी दोन पानं चिकटली. नानांनी मला दोन घटका वाऱ्यावर धरलं, झालं.

देवाच्या जागांसाठी नानांनी तीनच शब्दांखाली तांबडी पेन्सिल ओढली होती : टेंपल, मॉस्क आणि चर्च. अर्जदाराचं नाव ऐकायचं आणि तिन्हीपैकी एक ठोकून द्यायचा. उपाश्रयाची पडवी पाडू नये म्हणून जैन मंडळी अर्ज लिहून घ्यायला आली, तेव्हा नानांनी टेंपल लिहिलं. साहेब पाहणीला गेले, तर आत साधूंच्या मुक्कामाची खोली आणि प्रवचनाचा ओटा. मूर्ती कुठंच नाही. ‘खोटा अर्ज’ असा शेरा पडला आणि पडवी पाडली गेली. नानांनी खापर माझ्यावर फोडलं. तेव्हापासून नाना लोकांवर संशय घेऊ लागले, लोक नानांवर, आणि मी सगळ्यांवर.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात दोंडाईच्याकडच्या एका खेड्यातून दोन बाया आल्या. एक धुरपदाबाई, शेतकऱ्याची. दुसरी कनीजबी, लग्नातले कागदी फुलांचे सेहरे करणारी. गावच्या पीरबाबाच्या दर्ग्याची झाडलोटही तीच करायची. स्टेशनचा रस्ता रुंद होणार होता आणि दर्गा मधे येत होता. नोटीस स्पष्ट होती. पूजेची जागा असेल तर रस्ता वळवू, नुसती कबर असेल तर कबरस्तानात हलवू. अर्जाला उरले होते दोन दिवस.

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. मुसलमानांच्या जागेसाठी हिंदू बाई कशाला आली? यात काहीतरी काळंबेरं आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

“पीरबाबा बठ्ठासना शे, नाना, हिंदूसना बी, मुसलमानसना बी,” धुरपदाबाई म्हणाली. “आमना गावना नवरदेव पहिले तठेच पाया पडस.”

नानांनी ‘मॉस्क’ लिहायला टाक उचलला.

“मशीद मत लिखो, नाना,” कनीजबी म्हणाली. “मशीद बाजार में है. वहाँ नमाज होती. यहाँ नमाज नहीं होती, यहाँ तो झाडू मेरा, चिराग मेरा.”

झालं. नानांचा संशय दुप्पट झाला. मशीद नाही म्हणते, म्हणजे बाईला जागा लाटायची असणार. “आत आहे काय मग? कबर ना? कबरच लिहितो,” असं म्हणून त्यांनी कागद पुढं ओढला.

“नवरदेवले कोनी कबरवर लई जास का, नाना?” धुरपदाबाईनं शांतपणे विचारलं.

नानांचा हात थांबला. त्यांना उपाश्रयाची ती पडवी आठवली असावी. कारण कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्यावरची बशी खाली ठेवली आणि मला उघडलं. एकेक शब्द, त्याचा मराठी अर्थ, बोट लावून वाचत गेले. चिकटलेल्या पानांशी आले आणि वैतागून ओढू लागले. मी घाबरलो. शब्द त्याच पानात होता, आणि पान फाटायला आलं होतं.

“ठहरो,” म्हणत कनीजबीनं मला आपल्याकडे घेतलं. वाटलं, आता संपलं. हिला तर अक्षरओळखही नाही. पण तिनं पदराची कड ओली केली, डिंकाच्या रेषेवर हळूच टेकवून धरली आणि नखानं पान सोडवलं. सेहऱ्याची चिकटलेली फुलं ती रोज अशीच सोडवायची. एक अक्षर पुसलं गेलं नाही.

नानांनी वाचलं, “श्राइन. सत्पुरुषाचे पूज्य स्थान. जेथे भाविक नवस-दर्शनास जातात ते.”

कनीजबीनं विचारलं, “इसमें झाडूवाली औरत चलती?”

“कोशात मनाई नाही,” नाना म्हणाले. आणि त्यांनी तोच शब्द लिहिला.

साहेब पाहणीला गेले. कागदावर होतं तेच तिथं दिसलं. रस्ता चार हात वळला. नाना मात्र त्या दिवसापासून बदलले. अर्जदाराचं नाव विचारायच्या आधी विचारायचे, “तिथं कोण जातं? काय करतं?” उपाश्रयाची पडवी काही परत आली नाही. ती रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती, आणि मलाही आहे.

आता मी नानांच्या जुन्या ट्रंकेत असतो. त्या पानात कनीजबीनं नंतर आणून दिलेलं एक कागदी फूल आहे. ज्या हातांचा मी सर्वांत जास्त संशय घेतला, त्याच हातांनी मला वाचवलं, याची लाज मी अजून बाळगून आहे.

मित्रांनो, माझी पानं हळू उलटा. आणि कुठल्याही जागेला नाव द्यायच्या आधी, तिथं झाडू मारणाऱ्या बाईला एकदा विचारून या.